पदवीधरांस वैद्यकीची वाट

बी. एस्‌सी. झालेली आमची एक माजी विद्यार्थिनी परवां भेटावयास आली व म्हणाली, "सर, विलायतेंत पदवीधरांस चार वर्षांत डॉक्टर होतां येतें, मग येथें कां नाहीं?" वडिलांना काळजी पैशांची, तिला वयाची.

तिचें म्हणणें खरें आहे. मात्र तेथेंही जागा थोड्या व चुरस मोठी. आपल्या देशांत पदवीधरालाही 'नीट' परीक्षा द्यावी लागते आणि साडेचार वर्षांचें शिक्षण व एक वर्षाची रुग्णालयांतील उमेदवारी बारावी झालेल्या मुलांबरोबरच पुरी करावी लागते. पदवीबद्दल एका दिवसाचीही सूट नाहीं. वयाची वरची मर्यादा मात्र २०२२ मध्यें उठली, ही मोठीच सोय झाली.

आंखूड वाट आपल्याकडे पूर्वीं होती; पण ती मॅट्रिक झालेल्यांसाठीं. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलांतून एल्. एम्. पी. डॉक्टर तयार होत. १९४६ मध्यें भोर समितीनें अहवाल दिला, तेव्हां देशांतील डॉक्टरांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश अशाच शाळांतून आलेले होते. सर्व डॉक्टर एकाच दर्जाचे असावेत, असें समितीच्या बहुमतानें ठरविलें व ती वाट हळूहळू बंद झाली. जुन्या डॉक्टरांस एम्. बी. बी. एस्. होण्यासाठीं संक्षिप्त अभ्यासक्रम मिळाला. पदवीधरांसाठीं मात्र कोणी तशी तजवीज केली नाहीं. ती व्हावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें.

बुलढाण्यास २०२४ पासून १०० जागांचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. हें ऐकून वडील थोडे सैलावले. बारावीचीं जीवशास्त्राचीं पुस्तकें तिनें आमच्या ग्रंथालयांतून नेलीं आहेत.