७८७ डॉलरची वाम

ऑगस्ट १९९३. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, पॉम्केट नावाच्या खाडीत डोनाल्ड मार्शल वाम पकडत होता. हा मिकमाक, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांपैकी एक. ४६३ पौंड वाम मिळाली. ती विकून हातात आले ७८७ डॉलर १० सेंट. परवाना नाही, हंगाम बंद, आणि वर विक्री! सरकारने खटला भरला. मार्शलचा बचाव काय होता? १७६० चा तह.

या माणसाचं धाडस बघा. १९७१ मध्ये, सतराव्या वर्षी अटक होऊन, न केलेल्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली होती. अकरा वर्षं तुरुंगात काढल्यावर तो सुटला आणि १९८३ मध्ये निर्दोष ठरला. आपल्याला पोरवयात गाडणाऱ्या न्यायव्यवस्थेपुढे तो पुन्हा उभा राहिला, तेही वामीसाठी!

आता तो तह. १७५८ मध्ये फ्रेंचांचा लुईबुर्गचा किल्ला पडला, पुढच्याच वर्षी क्वेबेकही. इंग्रजांना मिकमाकांशी शांतता हवी होती, आणि त्यांनी फ्रेंचांशी व्यापार करू नये हेही हवं होतं. म्हणून तहात कलम घातलं: मिकमाक फक्त सरकारी वखारींतच माल देतील-घेतील. वाचताना ही निव्वळ बंदी वाटते. हक्काचा त्यात एक शब्द नाही. मग हक्क आला कुठून?

इथे न्यायमूर्तींनी जे केलं ते थक्क करतं. त्यांनी तहाचा कागद वाचलाच, शिवाय त्या वाटाघाटींत कोण काय बोललं याच्या जुन्या नोंदीही वाचल्या. आणि साधा प्रश्न विचारला: वखारीत माल आणा म्हणता, तर तो माल येणार कुठून? शिकारीतून आणि मासेमारीतून. म्हणजे मासे धरून विकण्याचा हक्क त्या बंदीच्या पोटातच होता. १७ सप्टेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी मार्शलला निर्दोष सोडलं. वखारी कधीच्याच नाहीशा झाल्या होत्या, वचन मात्र जिवंत निघालं. त्याला मर्यादा होती: ‘माफक उपजीविके’पुरतं, संपत्ती साठवण्यासाठी नाही. दोनच महिन्यांनी न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की योग्य कारण असेल तर सरकार या मासेमारीवर नियम लावू शकतं.

हक्क सिद्ध झाला. पण समुद्रात उतरायला होडी लागते, सापळे लागतात, डिझेल लागतं. भांडवल कोण देणार?

कॅनडाच्या मूळ रहिवाशांचं आयुष्य ज्याने बांधून टाकलं, तो इंडियन अ‍ॅक्ट १८७६ चा. राखीव वस्तीची जमीन त्याप्रमाणे राजसत्तेच्या नावावर असते आणि वस्तीवरची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. कोणी जमीन लुबाडू नये म्हणून केलेली ही तरतूद. पण जप्त करता येत नाही ते बँक तारण कशाला धरेल? संरक्षणाची भिंत तीच, आणि कर्जाच्या वाटेतली भिंतही तीच. याच कायद्याने १९२७ पासून १९५१ पर्यंत आपल्या दाव्यासाठी वकिलाला द्यायला वर्गणी गोळा करणं हासुद्धा गुन्हा ठरवला होता!

या भिंतीतून वाट काढली ती मूळ रहिवाशांच्याच नेत्यांनी. त्यांनी पाठपुरावा करून २००५ मध्ये संसदेकडून एक कायदा करून घेतला आणि त्यातून फर्स्ट नेशन्स फायनान्स ऑथॉरिटी ही संस्था उभी राहिली. तिची रीत आपल्या बचत गटातल्या कोणत्याही बाईला पाच मिनिटांत कळेल: एकट्याला पत नाही, मग सगळ्यांची मिळून पत करायची. वस्तीच्या उत्पन्नाचे ठरावीक स्रोत, म्हणजे भाडं, पेट्रोल पंप, मासेमारी, थेट एका विश्वस्त खात्यात जातात. तिथे आधी हप्ता कापला जातो, उरलेलं वस्तीला मिळतं. प्रत्येक कर्जातले पाच टक्के राखीव निधीत राहतात, आणि तो निधी आटला तर बाकीचे कर्जदार भर घालतात. या सामूहिक हमीवर संस्था रोखे बाजारात विकते. २०१४ मध्ये पहिले रोखे निघाले, ९ कोटी डॉलरचे. तारण ठेवलेली जमीन किती? एक इंचही नाही.

आता सप्टेंबर २०२० कडे पाहा. मार्शलच्या निकालाच्या एकविसाव्या वर्धापनदिनी सिपेक्नेकॅटिक या मिकमाक समाजाने स्वतःचे परवाने देऊन शेवंडीसाठी होड्या उतरवल्या, कारण ‘माफक’ म्हणजे किती हे सरकारने तोवर ठरवलंच नव्हतं. इतर मच्छीमार खवळले. सापळ्यांचे दोर कापले गेले, ऑक्टोबरमध्ये शेवंड साठवण्याची एक इमारत जळून राख झाली. आणि तीनच आठवड्यांनी, ९ नोव्हेंबरला, जाहीर झालं की क्लिअरवॉटर विकली जात आहे.

१९७६ मध्ये एका पिकअप गाडीतून शेवंड विकण्यापासून सुरू झालेली ही कंपनी तोवर कॅनडात शिंपले-शेवंडींसारख्या कवचधारी जलचरांचे सर्वाधिक परवाने आणि कोटे बाळगणारी झाली होती. किंमत साधारण १०० कोटी डॉलर. निम्मा हिस्सा प्रीमियम ब्रँड्स या खाद्य कंपनीचा, निम्मा सात मिकमाक समाजांचा. समाजांसाठी २५ कोटी डॉलर आले त्याच सामूहिक पतीच्या संस्थेकडून, तीस वर्षांच्या मुदतीने. आणि रचनेतली खुबी अशी, की कंपनी निम्मी-निम्मी असली तरी तिचे कॅनडातले मासेमारी परवाने पूर्णपणे मिकमाक मालकीच्या भागीदारीत ठेवले गेले. जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला.

या खरेदीचं नेतृत्व करणाऱ्या दोन समाजांपैकी एक मेंबरटू. १९१६ मध्ये न्यायालयाने नोव्हा स्कोशियातल्याच सिडनी शहराच्या किंग्ज रोडवरून हलवण्याचा आदेश दिलेली आणि १९२६ मध्ये दुसरीकडे नेऊन वसवलेली हीच वस्ती. आणि डोनाल्ड मार्शलची वस्तीही हीच. तो २००९ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी गेला.

मला हा व्यवहार अफाट वाटतो, पण तो मार्शलच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही. कंपनीचा नफा समाजाच्या तिजोरीत येतो. पहाटे छोटी होडी काढणाऱ्या मिकमाक मच्छीमाराचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण क्लिअरवॉटरच्या शेवंडी दूर खोल समुद्रातल्या आणि त्याचे सापळे किनाऱ्याजवळ. त्या सात समाजांची यादी वाचताना मी एका नावापाशी थांबलो: सिपेक्नेकॅटिक. ज्या समाजाच्या होड्यांना सरकारचा परवाना नव्हता, तोच काही महिन्यांत देशातल्या सर्वांत मोठ्या परवानाधारक कंपनीचा एक मालक झाला, आणि आपल्या होड्यांचा हक्क त्यानंतरही त्याने सोडला नाही.