रॉक मशीन ते इंडस क्रीड : उसनी गाणी सोडून स्वतःची गाणी करणारा मुंबईचा बँड

दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्या इटियाडोह परिसरात नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव जातात, रात्रभर नाटक चालतं आणि वाजवणारे स्टेजच्या कडेला पहाटेपर्यंत बसून असतात. प्रतापगडला दर्ग्यावर कव्वाली होते. म्हणजे गाण्या-वाजवण्याची सवय आपल्या भागाला नवीन नाही. नवीन आहे ते मुलांच्या मोबाइलमधलं संगीत.

मागच्या महिन्यात दहावीतल्या एका मुलाने वर्गात विचारलं, "सर, पंक रॉक म्हणजे काय? आणि बँड काढून पोट भरतं का?" वर्ग हसला. पण संध्याकाळी त्याचे अब्बा भेटले, ते हसत नव्हते. म्हणाले, "सर, ह्याला जरा समजवा. अभ्यास सोडून गिटार मागतोय."

संगीताबद्दल आपल्या उलमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. तो निर्णय प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. पण मुलाच्या कानात काय चाललंय आणि त्या धंद्यात खरं काय असतं, हे आईवडिलांना माहीत असावं. एवढ्यासाठीच हा लेख.

आधी पंक म्हणजे काय

१९७० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रॉक संगीत फार महाग आणि अवघड झालं होतं. मोठे स्टुडिओ, लांबच लांब गाणी, मोठमोठी यंत्रं. गरीब वस्तीतल्या पोरांना ते परवडणारं नव्हतं. तेव्हा काही पोरांनी ठरवलं की गिटारवर तीन स्वरमेळ येत असले तरी पुरे, दोन मिनिटांचं गाणं करायचं आणि मनातलं थेट बोलायचं. न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या बँडचा पहिला अल्बम १९७६ साली आला. त्यात १४ गाणी आणि सगळी मिळून साधारण २९ मिनिटं! लंडनचा 'द क्लॅश' हा बँडही त्याच वर्षी उभा राहिला. त्याचा गायक जो स्ट्रमर याचे वडील आपल्या लखनौत जन्मलेले होते.

हे संगीत आपल्या लोकांपर्यंतही पोचलं. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपला देश झाकोळून जाईल, अशी भीती ब्रिटिश लोकांना वाटते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'एलियन कल्चर', म्हणजे परकी संस्कृती, या नावाचा पंक बँड निघाला. चारपैकी तीन मुलं पाकिस्तानातून आलेल्या घरांतली. टोमणा होता, त्यांनी तोच नाव म्हणून लावला. घरात एक जग आणि रस्त्यावर दुसरं, यात अडकलेल्या मुलांची गाणी ते करत. १९८० साली त्यांची एक रेकॉर्ड निघाली आणि १९८१ पर्यंत बँड संपलाही. पण आमचं बोलणं आम्हीच बोलू, ही गोष्ट त्यांनी करून दाखवली.

मुंबईत काय झालं

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड तयार झाला. हा पंक बँड नव्हे, हार्ड रॉक वाजवणारा. पण आपल्याकडे इंग्रजी रॉकचा सविस्तर प्रवास पाहायचा तर याच बँडचा पाहावा लागतो. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. पुढे गायक उदय बेनेगल आणि कीबोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया आले. नुसती नावं वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे येते.

त्या काळी कॉलेजच्या कार्यक्रमात बँडने परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवावीत, अशीच अपेक्षा असे. जो जास्त हुबेहूब वाजवेल तो मोठा. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला आणि अशा बँडना मोठा श्रोता मिळू लागला. पण टाळ्या पडत होत्या त्या दुसऱ्याच्या गाण्याला.

मग त्यांनी अवघड निर्णय घेतला. स्वतःची गाणी लिहायची.

चार अल्बम, चार टप्पे

पहिला अल्बम १९८८ साली आला, 'रॉक अँड रोल रेनिगेड'. सीबीएस कंपनीने काढला. भारतीय बँडने स्वतः लिहिलेल्या इंग्रजी रॉक गाण्यांची कॅसेट दुकानात मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. गाणी त्यांची होती, पण बाज अजून परदेशी बँडचाच होता.

दुसरा अल्बम १९९० चा, 'द सेकंड कमिंग'. पुढच्याच वर्षी उपग्रह वाहिन्या आल्या. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आलं. तोवर बँड दिसायचा तो फक्त कार्यक्रमाला गेलात तर. आता त्यांचे व्हिडिओ आशियाभर दिसू लागले.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचं 'इंडस क्रीड' झालं. इंडस म्हणजे सिंधू. जगापुढे जायचं तर आपण कुठले हे नावातच दिसलं पाहिजे. चाललेलं, लोकांच्या तोंडी बसलेलं नाव सोडणं सोपं नसतं, दुकानाची पाटी बदलणाऱ्याला विचारा. त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षक-पसंती पुरस्कार मिळाला. १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा तिसरा अल्बम आला. जाणकार हाच त्यांचा परिपक्व अल्बम मानतात.

आणि इथेच गोष्ट उलटी फिरली. १९९७ मध्ये बँड फुटला.

नाव होतं, मग बँड का थांबला?

मुलांनी नीट वाचावा असा भाग हा. प्रसिद्धी आणि बाजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षांत हिंदी पॉपची लाट आली. १९९५ ला अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', १९९६ ला लकी अलीचा 'सुनोह'. १९९७ ला तर सीमेपलीकडच्या 'जुनून' बँडचा 'आझादी' इकडेही घराघरांत वाजला. सुफी कलाम आणि रॉकची गिटार एकत्र, आणि भाषा आपल्याला कळणारी. कंपन्यांनी पैसा तिकडे वळवला. इंग्रजी रॉक ऐकणारे मोठ्या शहरांत होते, कॉलेजांत होते, पण संख्येने थोडे. सहा माणसांची घरं त्यावर चालवणं कठीण.

म्हणजे भाषेचा प्रश्न फक्त शाळेच्या माध्यमाचा नसतो. आपण उर्दू-मराठी घरांतली माणसं हे रोज अनुभवतो. माणूस कुठल्या भाषेत बोलतो त्यावर त्याचं कोण ऐकणार हे ठरतं. इंडस क्रीडने स्वतःची गाणी तर केली, पण ती अशा भाषेत की बहुतेक देशाला ती पाठ होणार नव्हती. हा दोष नाही. त्यांना त्याच भाषेत सुचत होतं. पण त्याची किंमत होती, आणि ती त्यांनी मोजली.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे नवा बँड करून पाहिला. बाकीचे आपापल्या वाटेने गेले. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले, दोन नवे साथीदार घेतले, आणि २०१२ साली चौथा अल्बम काढला, 'इव्हॉल्व्ह'. तिसऱ्या आणि चौथ्या अल्बममध्ये १७ वर्षांचं अंतर! १९८४ पासून मोजलं तर २८ वर्षांत चार अल्बम.

घरातल्यांनी काय घ्यावं

पहिली गोष्ट, गिटार मागणारा मुलगा बिघडलाच असं समजू नका. त्याला विचारा, तू कुणाचं गाणं वाजवणार? दुसऱ्याचंच वाजवणार असशील तर छंद म्हणून ठीक. स्वतःचं करणार असशील तर भाषा हवी, वाचन हवं, आणि सांगण्यासारखं काही हवं. ते शाळेतूनच येतं.

दुसरी गोष्ट, कागद वाचायला शिकवा. २०१२ साली आपल्या देशात कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमात घेतलेल्या गाण्याचा गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला परस्पर लिहून घेता येत नाही, अशी सोय त्यात झाली. तरीही करार न वाचता सही करणारे आजही फसतात. आपल्या झाडीपट्टीत वाजवणाऱ्या कलाकारांच्या मुलांनी तर हे शिकायलाच हवं.

तिसरी गोष्ट, हातात दुसरं काम असू द्या. एवढा नावाजलेला मुंबईचा बँड १३ वर्षांत थांबला, मग आपल्या गावचा मुलगा फक्त त्याच भरवशावर कसा राहील?

त्या अब्बांना मी एवढंच सांगितलं की गिटारला नाही म्हणू नका, दहावीच्या निकालापर्यंत थांबा म्हणा. आणि मुलाला सांगितलं, एक गाणं स्वतः लिहून आण. उर्दूत आण, मराठीत आण, इंग्रजीत आण, पण विषय इटियाडोहचा हवा. धरणाचं पाणी, धान, सुट्टीत कामासाठी नागपूरला जाणारी पोरं, काहीही.

आठ दिवसांनी त्याने वही आणली. चार ओळी खोडलेल्या, दोन उरलेल्या. म्हणाला, "सर, दुसऱ्याचं म्हणणं सोपं होतं."

मी म्हटलं, बेटा, रॉक मशीनलाही स्वतःच्या पहिल्या अल्बमपर्यंत चार वर्षं लागली. तू अजून दोन ओळींवर आहेस. लिही.