होल्डर हाती घेण्याआधी

उसाची ट्रॉली, शाळेचं फाटक, गोठ्यावरच्या पत्र्याखालचा सांगाडा. गावातलं बहुतेक लोखंडी काम आजही साध्या रॉड-वेल्डिंगवर उभं राहतं. हे काम शिकायला आलेल्या मुलाला ठिणगीची घाई असते. माझं मत असं, की त्याच्या हातात आधी हॅक्सॉ आणि कानस द्यावी. आयटीआयच्या एका वर्षाच्या वेल्डर ट्रेडमध्येही आखणं, कापणं आणि घासणं शिकवतात, ते उगाच नाही. तुकडा तिरपा कापला की फट कमी-जास्त राहते. गंज, रंग, तेल तसंच ठेवलं की जोडात बारीक छिद्रं पडतात. मग वरून कितीही रॉड ओतला तरी जोड पोकळच.

गॅस कटिंगची गंमत समजून घेण्यासारखी आहे. तिथे लोखंड वितळवून कापत नाहीत, जाळून कापतात. ज्योतीने कड लालभडक, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायची आणि मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. लोखंड पेट घेतं आणि झोत ती राख उडवून लावतो. स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम असं कापलं जात नाही, कारण त्यांच्यावरचा ऑक्साइडचा चिवट थर झोताला दाद देत नाही. ॲसिटिलीनचं प्रेशर १ बारच्या वर नेऊ नये, सिलिंडर उभाच ठेवावा आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात कधीही लावू नये. डिझेल-पेट्रोलचा रिकामा ड्रम तर कापायलाच घेऊ नये. आत उरलेली वाफ माणसाचा जीव घेते.

आता रॉड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी तारेवर लेप चढवला आणि या कामाचं रूपच पालटलं. लेप जळून होणारा वायू वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो, वर बसणारी स्लॅगची पपडी त्याला झाकून ठेवते. नवशिक्यासाठी ६०१३ हा रॉड उत्तम. यातले पहिले दोन आकडे ताकदीचे (दर चौरस इंचाला ६०,००० पौंड), त्यानंतरचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावरचं कुठलंही काम चालेल. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. काडी ओढावी तसा रॉड ओढून आर्क पाडायचा, आणि मग टोक कामापासून रॉडच्या जाडीइतकंच वर धरायचं. अंतर वाढलं की ठिणग्या उडतात, कमी झालं की रॉड चिकटतो. नजर उजेडावर नको, त्यामागच्या वितळलेल्या धातूवर हवी. आवाज एकसारखा चरचरत राहिला तर हात बसत चालला आहे असं समजावं. सगळा जोड एका दमात भरू नये. आधी टाके मारावेत, नाहीतर पट्टी वाकते.

पपडी ठोकून काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नये. आणि ठोकताना चष्मा हवाच.

सगळ्यात जीव तुटतो तो डोळ्यांसाठी. उघड्या डोळ्यांनी टाका मारणारी पोरं अजून दिसतात. अतिनील किरणांनी बुबुळ भाजतं, पण ते लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नये, डॉक्टर गाठावा. वर्कशॉपवाल्यांना कळकळीची विनंती आहे: नव्या पोराला पहिल्या दिवसापासून १० किंवा ११ नंबरची काळी काच, चामड्याचे हातमोजे आणि सुती कपडे द्या, ते नसतील तर त्याला होल्डर देऊ नका.