रुतलेले नख आणि धावणारी मुले

जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. या बलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावावे लागते. जिल्हा पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर. अंबड, परतूर, भोकरदनच्या रस्त्यांवर पहाटे सराव करणारी मुले आपण पाहतोच. त्यांतलाच एखादा वर्गात लंगडत येतो. पायाचा अंगठा सुजलेला, नखाची कड लाल. "सर, नख रुतलंय. कोपरा कापला की बरं होईल." खरेच होईल का?

नख केराटिन या प्रथिनाचे असते. आपल्याला दिसणारा भाग निर्जीव, म्हणून कापताना दुखत नाही. नख तयार होते ते कातडीखाली, मुळाशी. तिथून ते पुढे ढकलले जाते. कोपरा खोल कापला तर थोडे दिवस आराम पडतो. पण आत राहिलेले टोकदार कुसळ नख वाढेल तसे मांसात घुसते. धावताना अंगठा बुटावर आपटतो, घामाने कातडी मऊ पडते, आणि दुखणे वाढते. नखाला मधोमध खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, हा समजही म्हणूनच चुकीचा.

निदानाला बहुधा नजर पुरते. नुसती लाली व सूज असेल तर पाय रोज दोन-तीन वेळा १५-२० मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, कोरडा करावा, नखाच्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवावी व ती रोज बदलावी. धावणे काही दिवस थांबवावे. पू किंवा वाढलेले लाल मांस दिसले, तर डॉक्टरांकडेच जावे. मधुमेह असणाऱ्यांनी तर सुरुवातीलाच. नुसत्या प्रतिजैविकाने भागत नाही, कारण कुसळ तिथेच असते. डॉक्टर अंगठा बधिर करून रुतलेली पट्टी काढतात. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर तेवढ्याच भागाच्या मुळाला फिनॉल लावतात. ते मूळ नष्ट झाले की तिथे सहसा नख पुन्हा येत नाही.

वर्गात हे पडताळता येईल. हाताच्या व पायाच्या अंगठ्याच्या नखावर मुळाजवळ नेलपॉलिशचा ठिपका द्या, पुसट झाला की त्याच जागी पुन्हा द्या आणि महिन्याने मोजा. हाताचे नख सुमारे ३ मिलिमीटर, तर पायाचे जेमतेम दीड मिलिमीटर पुढे सरकलेले दिसेल. पायाचे अख्खे नख नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून भरतीच्या तोंडावर घाई करण्यापेक्षा आधीपासूनच नख सरळ रेषेत कापावे, कोपरे गोल करू नयेत, आणि बोटे हलतील असे बूट घ्यावेत.