पिशवीसोबत अंडाशयही काढले का, हे विचारा

अहमदपूर तालुक्यात मी प्राथमिक शिक्षिका आहे. अडतिसाव्या वर्षी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात माझी पिशवी काढली. अंगावरून जास्त जात होतं. डॉक्टर म्हणाले, "ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." घाबरून घरच्यांनी सही केली.

महिनाभरात अंगाची लाही लाही सुरू झाली. रात्री दरदरून घाम यायचा, पाठ ओली व्हायची, झोप उडायची. पुढं सांधे धरले, लघवीला जळजळ होऊ लागली. सासूबाई म्हणायच्या, "उष्णता वाढली, सब्जा घे." कुणी रक्तदाबाची गोळी दिली, कुणी झोपेची. नांदेडच्या एका डॉक्टरबाईंनी मात्र आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. घडी पडलेल्या त्या कार्डावर 'टीएएच + बीएसओ' असं लिहिलेलं होतं. टीएएच म्हणजे गर्भाशय काढलं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंचे अंडाशयही काढले. हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पाळी आपसूक जाते तेव्हा अंडाशय हळूहळू थंडावतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी हे होतं. अंडाशयच काढले तर त्यांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम तुटतं. तरुणपणी असं झालं की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं.

आमच्या भागात हा प्रश्न लहान नाही. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले; त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशव्या का काढल्या, यावर पुष्कळ बोललं गेलं. काढल्यानंतर या बायांच्या हाडांचं, झोपेचं, कामाचं काय झालं, हे कोण विचारणार?

हार्मोनची भीती २००२ च्या अमेरिकी अभ्यासापासूनची आहे. त्यात दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे आठ रुग्ण जास्त आढळले. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर त्रास होत असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो, असं आता मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचे बहुतेक ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

तरी हे औषध मनानं घेण्याचं नाही. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा मोठा आजार झालेला असेल, अंगावरून जाण्याचं कारण कळलेलं नसेल, तर ते सहसा देत नाहीत. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतं. फक्त कोरडेपणा आणि जळजळ असेल तर योनीमार्गात लावायचं मलम पुरतं.

मला हातावर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल मिळालं. काही आठवड्यांत घाम कमी झाला, रात्री झोप लागू लागली. पण तालुक्याच्या मेडिकलवाल्याला ते दर वेळी मागवावं लागतं. मला पगार आहे, नांदेडला जाता येतं. किनवटच्या किंवा औशाच्या मजूर बाईनं एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं कुठून आणायचं? राज्य सरकारनं जानेवारी २०२६ मध्ये सरकारी रुग्णालयांत मेनोपॉज क्लिनिक सुरू केली. तिथं ही औषधं फुकट मिळाली पाहिजेत आणि पिशवी काढलेल्या बायांची यादी आशाताईंकडून तिथवर पोचली पाहिजे.

तुमची, आईची, जावेची पिशवी काढलेली असेल तर आजच कार्ड शोधा. त्यावर बीएसओ लिहिलेलं असेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल, तर ते घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा आणि सरळ विचारा: मला हार्मोन का देत नाही?