महाजालावरील ग्रंथप्रसार आणि पुष्पिकेचा प्रश्न

गेल्या तीस वर्षांत संस्कृत व मराठी ग्रंथांचा जेवढा प्रसार महाजालाच्या द्वारें झाला, तेवढा पूर्वींच्या कोणत्याहि काळांत इतक्या अल्प खर्चानें झाला नव्हता. स्तोत्रें, गीता, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, व्याकरणें, कोश, बखरी व शालेय पुस्तकें आज घरबसल्या विनामूल्य मिळतात. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ति आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहतां येतात. खेड्यांतील विद्यार्थ्यास पूर्वीं ज्यासाठीं पुण्यामुंबईची वारी करावी लागे, तें आतां त्याच्या हातांतील यंत्रावर येतें. हें कार्य पुष्कळ अंशीं निरपेक्ष माणसांच्या श्रमाचें फळ आहे. तेव्हां त्या कार्याला दूषण देणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. त्यांत राहून गेलेलें एक अंग दाखवावें एवढाच आहे. तें अंग म्हणजे पुष्पिका.

१. हस्तलिखित पोथीच्या शेवटीं ग्रंथाचें नांव, शक, संवत्सर, मास, तिथि, वार, स्थळ, लेखकाचें नांव आणि पोथी कोणासाठीं लिहिली हें सांगणारा जो मजकूर असतो, त्यास पुष्पिका म्हणतात. सर्वच पोथ्यांत हीं सर्व अंगें नसतात; परंतु जेथें असतात तेथें संशोधकाचें अर्धें काम होऊन जातें. पुष्कळ लेखक तिला जोडून असेंहि सांगतात कीं, जसें पुढें होतें तसें आपण उतरविलें, शुद्धाशुद्धाचा दोष आपणांस देऊं नये. हा केवळ विनय नव्हे. या प्रतीच्या मागें दुसरी प्रत आहे, अशी ती साक्ष आहे. आणखी एक प्रसिद्ध प्रार्थना अशी कीं, तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात या चौघांपासून पोथी राखावी. महाजालावरील ग्रंथास यांपैकीं पहिल्या तिघांचें भय उरलेलें नाहीं. चौथ्याचें मात्र पूर्वींपेक्षां वाढलें आहे.

२. छापखाना आला तेव्हांहि हाच प्रश्न उत्पन्न झाला होता. नाना फडणवीसांच्या प्रेरणेनें गीता ताम्रपटावर कोरून छापण्याचा उपक्रम पुण्यास सुरू झाला. नाना १८०० सालीं वारल्यावर तें काम मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयानें पुढें चाललें आणि १८०५ सालीं मिरजेस छापील गीता तयार झाली. पुढें गणपत कृष्णाजींचें १८३१ चें पंचांग, १८६९ सालचा निर्णयसागर छापखाना, असा हा क्रम वाढत गेला. एका चुकीच्या शेंकडों प्रती एका दिवसांत निघूं लागल्या, तेव्हां पुष्पिकेची जागा संपादकाच्या प्रस्तावनेनें घेतली. तुकोबांच्या गाथेची सरकारी साह्यानें इंदुप्रकाश छापखान्यांत १८६९ पासून निघालेली आवृत्ति याचें उत्तम उदाहरण आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील वह्या ताडून पाठ ठरविला आणि आपण काय केलें तें वाचकांस सांगितलें. आज गाथा महाजालावर अनेक ठिकाणीं आहे. पण ती कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतली, हें सांगणारीं स्थळें थोडीं.

३. साक्ष नाहींशी झाली म्हणजे काय होतें, हें ज्ञानेश्वरीच्या इतिहासावरून स्पष्ट दिसतें. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२ हें वर्ष व सच्चिदानंदबाबा या लेखकाचें नांव आहे. तथापि पुढील तीन शतकांत पाठ इतका बिघडला कीं, एकनाथमहाराजांस शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें तो शुद्ध करावा लागला. त्यांनीं शोधनाचें वर्ष नमूद केलें आणि ज्ञानेश्वरींत स्वतःची ओंवी घालणारा अमृताच्या ताटांत करवंटी ठेवतो, अशी ताकीदहि दिली. म्हणजे नाथांनीं केवळ पाठ शोधला नाहीं, तर त्यास नवी पुष्पिका जोडली. त्यामुळेंच कै. राजवाडे यांनीं १९०९ सालीं आपणांस मिळालेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हां नाथपूर्व पाठ कोणता व नाथांचा कोणता, हा वाद शास्त्रशुद्ध रीतीनें चालूं शकला. महाजालावर आज दोन्ही परंपरांच्या ओंव्या एकमेकींत मिसळल्या, तर त्या निराळ्या काढण्यास कोणता आधार राहील?

४. दुसरें उदाहरण महाभारताचें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत १,२५९ हस्तलिखितें तपासून त्याची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनीं ही संहिता संगणकांत उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं ती तपासून सुधारली. मूळ कोणतें, उतरविणारा कोण, सुधारणारा कोण, हें येथें स्पष्ट आहे. म्हणून ही प्रत विद्वानांस प्रमाण वाटते. परंतु हाच पाठ नांवगांव कापून कोणी दुसरीकडे चिकटविला, तर काय होईल तें पहावें. व्यासांनीं सांगितलें व गणपतीनें लिहिलें, ही सर्वपरिचित कथा चिकित्सित आवृत्तींत मुख्य पाठांत नसून आदिपर्वाच्या परिशिष्टांत आहे. नीलकंठाच्या टीकेसह छापलेल्या पोथींत ती आरंभींच आहे. एक वाचक म्हणेल, कथा महाभारतांत आहे. दुसरा म्हणेल, कोठेंच नाहीं. दोघेहि आपल्यापुढील पाठ प्रामाणिकपणें वाचीत आहेत. भांडणाचें मूळ गणपतींत नाहीं, हरवलेल्या पुष्पिकेंत आहे.

५. पूर्वींचे लेखक घ-ध, भ-म, प-य यांत चुकत आणि ‘ख’ चा ‘रव’ करीत. छायाप्रतीवरून अक्षरें ओळखणारें यंत्रहि अशाच चुका करतें. त्यांत नव्या दोषांची भर पडली आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालींत देवनागरी १९९१ पासून आहे. तरी त्यानंतरहि कित्येक वर्षें मराठी मजकूर अशा टंकांत लिहिला गेला कीं, तो विशिष्ट टंक संगणकांत नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. रोमन लिपींतून संस्कृत लिहिण्याची एक प्रचलित रीति ट-त, ठ-थ, ण-न हे भेद मोठ्या व लहान अक्षरांनीं दाखविते. कोणी सर्व अक्षरें लहान केलीं कीं ‘पीठ’ चें ‘पीथ’ आणि ‘गण’ चें ‘गन’ होतें. मराठींत ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्धा र युनिकोडांत दोन निराळ्या रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यांस तो एकच दिसतो, परंतु एका रीतीनें शोध घेतला असतां दुसऱ्या रीतीनें लिहिलेला शब्द सांपडेलच असें नाहीं.

याहून मोठी हानि निराळीच आहे. पोथीवर पुष्पिका नसली तरी कागद, शाई, अक्षराचें वळण, समासांतील टिपणें हीं बोलतात. जाणता संशोधक तेवढ्यावरून तिचें वय सुमारानें सांगूं शकतो. टंकलेल्या मजकुरास कागद नाहीं, शाई नाहीं, हस्ताक्षर नाहीं. कालची प्रत व वीस वर्षांपूर्वींची प्रत एकाच तोंडवळ्याच्या. सारांश, जेथें पुष्पिकेवांचून चालण्यासारखें होतें तेथें ती लिहिण्याचा प्रघात होता. आणि जेथें ती एकमेव साक्षी आहे, तेथेंच आपण ती गाळीत आहों.

छापील पुस्तकांच्या छायाप्रती हा त्या मानानें सुरक्षित मार्ग होय. त्यांत मुखपृष्ठ व प्रस्तावना जशीच्या तशी राहते. पण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या सूचींत नांवें व वर्षें अनेक ठिकाणीं चुकलेलीं होतीं. त्या संग्रहांतील पुष्कळ ग्रंथ आज इंटरनेट आर्काइव्हवर उपलब्ध आहेत, तेहि बहुधा त्याच नांवांनिशीं.

६. यास्तव ग्रंथ महाजालावर ठेवणारांनीं पुढील गोष्टी ग्रंथाबरोबरच लिहाव्या : (अ) मूळ आवृत्तीचें नांव, संपादक, स्थळ, वर्ष व पृष्ठें, हस्तलिखित असल्यास संग्रह व क्रमांक, (आ) उतरविणाराचें व तपासणाराचें नांव आणि तारीख, (इ) काय गाळलें, काय बदललें, शुद्धलेखन जुनें ठेवलें कीं नवें केलें, (ई) दुरुस्ती झाल्यास तिची तारीख, (उ) हक्काची स्थिति. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षेंपर्यंत हक्क राहतो, आणि मूळ ग्रंथ कितीहि जुना असला तरी अर्वाचीन प्रस्तावना, टीपा व अनुवाद यांवर त्या त्या लेखकाचा हक्क निराळा असतो. हा मजकूर पांचसहा ओळींपेक्षां अधिक होत नाहीं. तो संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर न ठेवतां ग्रंथाच्याच आरंभीं व शेवटीं ठेवावा, म्हणजे कोणी प्रत उतरवून नेली तरी तो तिच्याबरोबर जाईल.

भाविक म्हणेल, मला पाठ करावयाचा आहे, मला शकसंवत्सर कशास? त्यास एवढेंच सांगावें कीं, जो पाठ तो रोज श्रद्धेनें म्हणतो, तो कोणाच्या मुखांतून व कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, हें जाणणें श्रद्धेच्या विरुद्ध नाहीं. गुरुपरंपरा सांगितल्यावांचून आपल्याकडे विद्या सांगत नसत. ग्रंथाचीहि परंपरा सांगितली जावी, इतकेंच येथें मागणें आहे.