दारात येणाऱ्या मांजराला घरात घ्यावे का? निर्णयाआधी हे पाहा

पेणमध्ये पावसाने झोड उठवली की पडवीत एखादे भिजलेले मांजर हमखास येऊन बसते. गणपतीच्या कारखान्यांतील पोत्यांमागे किंवा कौलारू घरांच्या माळ्यावर पिल्ले सापडतात. मुले म्हणतात, ‘ठेवूया ना’. आजी म्हणते, ‘सवय लावू नका’. खरे तर दोघांचेही बरोबर असू शकते. उत्तर त्या मांजरावर अवलंबून आहे.

ते कोणाचे तरी आहे का?
अंगाने भरलेले, स्वच्छ मांजर बहुधा शेजारच्या आळीतले असते. आधी विचारपूस करा, फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर त्याची नसबंदी झालेली असण्याची शक्यता मोठी असते.

माणसाळलेले की बुजरे?
शेपटी उभी करून जवळ येणारे, म्याव म्याव करत पायाला अंग घासणारे मांजर कधीतरी माणसांत राहिलेले असते. ते घरात रुळू शकते. बुजरे मांजर आवाज करत नाही, दबून बसते आणि तुम्ही लांब गेल्यावरच खाते. घाबरलेले पाळीव मांजरही सुरुवातीला असेच वागते. त्यामुळे आठवडाभर रोज ठरावीक वेळी खायला द्या आणि फरक पडतो का ते पाहा.

पिल्लू असेल तर?
माणसाची सवय लागण्याचा मुख्य काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. त्यानंतरही पिल्लू माणसाळते, पण वेळ लागतो. मात्र दिसले की लगेच उचलू नका. आई भक्ष्य शोधायला गेलेली असू शकते. पिल्ले सुरक्षित असतील तर काही तास लांबून लक्ष ठेवा. आई असेल तर किमान आठ आठवडे त्यांना तिच्याजवळच राहू द्या.

घरात गर्भवती असेल तर?
मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून मातीचा ट्रे दुसऱ्या कोणीतरी रोज साफ करावा. विष्ठेतील हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई महत्त्वाची. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगा.

घेतलेच, तर आधी काय?
थेट पशुवैद्याकडे न्या. जंतांचे औषध, मांजरांच्या आजारांवरील लसी आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी लागते. नसबंदी टाळू नका. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे दोन महिन्यांत विते. मोठ्या मांजरांना दूध अनेकदा पचत नाही, पाणी ठेवा. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामोल कधीही देऊ नका. ती मांजरासाठी जीवघेणी असते.

चावले किंवा ओरखडले तर?
जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. भटक्या मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. ‘एवढासा तर ओरखडा आहे’ म्हणून थांबू नका.

घरात न घेणे हाही निर्णय
पूर्ण वाढलेल्या बुजऱ्या मांजराला चार भिंतींत कोंडणे ही त्याच्यासाठी शिक्षाच. नसबंदी आणि लस करून त्याला त्याच जागी सोडा. रोज थोडे खाणे आणि पावसात कोरडा कोपरा दिलात तरी पुष्कळ झाले. पकडण्याचे काम मात्र जाणकारांवर सोपवा.

पाळून कंटाळा आला म्हणून पोत्यात घालून मासळी बाजारात सोडणे हा उपाय नव्हे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता ठरते.

घरात नीट सांभाळलेले मांजर 12 ते 15 वर्षे जगू शकते. दहावीतल्या मुलीने आज आणलेले पिल्लू ती नोकरीला मुंबईला गेल्यावरही पडवीत असेल. तेव्हा त्याला कोण पाहणार, हे आजच घरात सगळ्यांनी बसून ठरवा. त्या प्रश्नाला एक नाव मिळाले, तर पिल्लू खुशाल आत घ्या.